हाताची विद्या आणि हलती चित्रे

(काशी येथील शिंदे घाटावर मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांकडून झाली तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळ केली. वक्तृत्व हा आमचा प्रांत नव्हे. शिवाय विषय ठरला तो असा, की कारागीर, यंत्रज्ञ आणि तंत्र शिकणारी मंडळी यांच्यासाठी चित्रफिती, म्हणजे ज्यांना आता घरोघर 'व्हिडिओ' म्हणतात त्या, कशा तयार कराव्यात आणि कशा वाटाव्यात. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालेले. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे गेली ती बहुतांशी कागदावर. यंत्राशी आमचा संबंध टिपणीपुरता. तथापि दोन वर्षांपूर्वी एका पंपाने आम्हांला जे शिकवले, त्यात या मंडळाच्या सभासदांचाही हात होता. म्हणून हे धाडस करीत आहोत.

सभा शिंदे घाटावर भरली आहे, हेही औचित्याचेच आहे. आपल्या समोर रत्नेश्वर महादेवाचे देऊळ एका अंगास कलून उभे आहे. ते का कलले, याची एक कथा नावाडी यात्रेकरूंना रोज सांगतात. एका सेवकाने आपल्या आईच्या नावे हे देऊळ बांधले आणि 'आता मातृऋणातून मुक्त झालो' असे तो म्हणाला. त्या अहंकाराने देऊळ कलले; मातृऋण फिटत नाही म्हणतात ते असे. कथा सुंदर आहे, बोधही उत्तम आहे. परंतु १८६० च्या दशकातील जुनी छायाचित्रे पाहणारे अभ्यासक सांगतात, की त्या चित्रांत देऊळ कललेले दिसत नाही. म्हणजे ते कलले ते मागाहून. एका छायाचित्राने जी गोष्ट सांगितली, ती दीडशे वर्षांच्या कथेला सांगता आली नाही.

घाटाचेही तसेच आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० मध्ये हा घाट बांधविला. दगडाचा भार नदीकाठच्या मातीला पेलला नाही आणि बांधकाम खचले. पुढे १९३७ मध्ये घाट पुन्हा बांधण्यात आला. बांधविणाऱ्यांची नावे आपण आदराने घेतो आणि घेतलीच पाहिजेत. पण ज्या गवंड्यांनी गाळात पाया खणला, ज्यांना कुदळीच्या पहिल्या घावातच माती कशी आहे हे कळले असेल, त्यांच्या हातातले ज्ञान त्यांच्या हाताबरोबर गेले. हाताची विद्या कागदावर सहज उतरत नाही. ती पाहून शिकायची असते. पाहण्यासारखा हात नाहीसा झाला, की मागे कथा तेवढी उरते.

पाहून शिकण्याच्या या गोष्टीला यंत्राची जोड देणारा आपल्याकडील पहिला मोठा माणूस मराठी होता. दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. १९१३ सालच्या त्या चित्रपटाच्या कथेचा शेवट याच काशीच्या स्मशानात होतो. परंतु त्याआधी फाळक्यांनी एक इवलीशी चित्रफीत केली होती. कुंडीत एक दाणा पेरून, महिनाभराहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण करून, त्यांनी अंकुर फुटण्यापासून रोप वर येईपर्यंतचा सारा क्रम मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर दाखविला. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. जे डोळ्यांना दिसत असूनही कळत नाही, कारण ते फार सावकाश घडते, ते त्यांनी कळेल असे करून दाखविले. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला तो ही फीत पाहून.

पुढे त्यांनी तळेगावच्या काच कारखान्याची फीत केली. हा कारखाना लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा होता. आगकाड्यांवर एक फीत केली. आणि १९१७ च्या सुमारास 'चित्रपट कसे तयार करतात' ही फीत केली. या शेवटच्या फितीविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो. स्वतःचा धंदा कसा चालतो, हे त्यांनी सर्वांसमोर उघडे करून ठेवले. 'नवयुग' मासिकातही त्यांनी या विद्येविषयी लेख लिहिले. ज्या काळी आपला नुसखा शेजाऱ्यास कळू नये म्हणून लोक दार लावून घेत, त्या काळी हा गृहस्थ दार उघडून बसला. घरातही सरस्वतीबाईंना फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांनी शिकविली होती. हेच फाळके १९२० च्या सुमारास चित्रपटधंद्याला विटून सहकुटुंब काशीस येऊन राहिले आणि 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी येथे लिहिले. या गल्ल्यांतून ते हिंडले असतील, या पायऱ्यांवर बसले असतील, असे आम्हांला नेहमी वाटते.

असो. आता त्या पंपाकडे वळू.

आमच्या कार्यालयाच्या वसाहतीला पाणी पुरविणारा एक जुना पंप आहे. एका जून महिन्यात तो बंद पडला आणि दोन दिवस साठ घरे पाण्यावाचून राहिली. काशीचा जून ज्यांनी काढला आहे त्यांना अधिक सांगायला नको. कारण शोधता असे कळले, की पंपाच्या दांड्याभोवती जेथे दोरीसारखे पॅकिंग भरतात, तेथून पाणी गळत होते. मिस्त्री रजेवर होते. नव्या पोराने गळती बंद व्हावी म्हणून पाना घेऊन ग्लँडचे नट ताकदीने आवळले. गळती थांबली, पोरगा खूष झाला. तासाभरात पॅकिंग जळले आणि आतील नळीवर चरे पडले. त्या पोराला मेमो देण्यात आला. त्यावर सही आमची होती.

मग आम्ही सरकारी रीतीप्रमाणे चार पानी परिपत्रक काढले, हिंदीत आणि इंग्रजीत. ते सूचनाफलकावर लागले. पावसाळ्यात ओले झाले. कोणी वाचले असल्यास आमच्या कानावर नाही.

मिस्त्रीजी निवृत्त व्हायला आठ महिने होते. ते याच घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. एका संध्याकाळी येथेच पायरीवर बसून आम्ही त्यांना म्हटले, की तुमच्या कामाची चित्रफीत करू या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबूजी, सब दिखा दूँगा, तो मुझे कौन पूछेगा?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. खात्याचे हित, राष्ट्रीय संपत्ती वगैरे शब्द आम्ही वापरले. ते शब्द आमच्याच कानाला पोकळ लागले. चाळीस वर्षांत ज्या माणसाला आपल्या हाताखेरीज दुसरी मिळकत नव्हती, त्याला आम्ही ती फुकट वाटून टाकायला सांगत होतो. आमचे निवृत्तिवेतन त्याने कमी होणार नव्हते.

आठवड्याने ते आपण होऊन आले आणि म्हणाले, करू. कारण विचारले तेव्हा त्या मेमोचा विषय निघाला. "लड़के का क्या कसूर? किसी ने दिखाया ही नहीं." एवढेच ते बोलले. दोष आमच्यावर ठेवला नाही, स्वतःवरही ठेवला नाही. मात्र ते वाक्य आम्हांला त्या मेमोहून जड गेले. तो मेमो पुढे आम्ही परत घेतला, हे येथे नमूद करतो.

खात्याची रीतसर परवानगी घेऊन पहिली चित्रफीत तयार झाली. ती चौदा मिनिटांची होती. त्यांतली चार मिनिटे आमचे भाषण होते. पाठीमागे सतारीचे सूर होते. मिस्त्रीजींचा चेहरा सुरेख दिसत होता. हात मात्र त्यांच्याच खांद्याआड गेले होते. ज्याला मेमो मिळाला होता त्याच पोराला ती दाखवून पॅकिंग भरायला सांगितले. त्याला ते जमले नाही. परीक्षा पोराची नव्हती, आमची होती. त्यात आम्ही नापास झालो.

दुसऱ्या खेपेस त्या पोरानेच मोबाइल हातात घेतला आणि मिस्त्रीजींच्या खांद्यावरून खाली धरला. भाषण गेले, सतार गेली. सहा मिनिटांत सारे आले. जुने पॅकिंग आकड्याने कसे उपसून काढायचे. एक कडे जरी आत राहिले तरी नवे नीट बसत नाही. नवी दोरी तेवढ्याच जाडीच्या दांड्याभोवती गुंडाळून तिरपा काप कसा द्यायचा. प्रत्येक कड्याचा जोड मागच्या कड्याच्या जोडावर येऊ द्यायचा नाही, जसे भिंत बांधताना विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत. दोन्ही नट आलटून पालटून, थोडेथोडे, प्रथम नुसत्या बोटांनी फिरवायचे. आणि शेवटी पंप सुरू करून पाहायचे, तेव्हा पाणी थेंब थेंब गळलेच पाहिजे. ते पाणीच पॅकिंगला थंड ठेवते. येथे मिस्त्रीजी म्हणतात, "इसको थोड़ा रोने दीजिए, नहीं तो जल जाएगा." आमच्या चार पानी परिपत्रकात हे वाक्य नव्हते. 'गळती तात्काळ बंद करावी' असे मात्र होते.

फीत पुरी झाल्यावर मिस्त्रीजींना दाखविली. शेवटी आमचे नाव आणि हुद्दा ठळक अक्षरांत होता. त्यांनी ती शांतपणे शेवटपर्यंत पाहिली आणि विचारले, "ये हाथ किसके हैं, ये नहीं लिखा?" सभ्य गृहस्थहो, इतक्या वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांचे बोल आम्ही पुष्कळ ऐकले. एवढी लाज कधी वाटली नाही. त्याच संध्याकाळी आमचे नाव पुसले आणि त्यांचे नाव आरंभीच घातले. परवानगी देणाऱ्याचे नाव फाइलीत असतेच. चित्रात ते हवे कशाला?

पुढे आमच्या एका सहकाऱ्याची बदली महाराष्ट्रात झाली. तेथल्या कर्मशाळेत तोच पंप, तीच अडचण. त्याने फीत मागविली, परंतु मिस्त्रीजींची बनारसी बोली तिकडच्या मुलांना अर्धीमुर्धीच कळे. तेव्हा मंडळाच्या सभासदांनी मराठी आवाज देण्याचे मनावर घेतले. त्या बैठकीत ग्लँडला मराठीत काय म्हणावे यावर दीड तास चर्चा झाली, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या एका विद्वान मित्रांनी संस्कृत कोशातून भारदस्त शब्द काढला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी शांतपणे सांगितले, "जो माणूस तो नट फिरवतो, तो त्याला ग्लँडच म्हणतो. त्याला शब्द शिकवू नका, काम शिकवा." ठराव एकमताने मंजूर झाला.

लोकांच्या भाषेत विद्या आणण्याचा हा उद्योग काशीला नवा नाही. एकनाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केली. येथील पंडितांनी प्राकृत म्हणून प्रथम आक्षेप घेतला आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. भागवत कोठे आणि पंपाचे पॅकिंग कोठे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याला गरज आहे त्याच्या भाषेत ते द्यावे, ही बुद्धी एकच आहे.

आधुनिक काळात हा विचार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. गावाला मिळून एक संच आणि त्याभोवती सारा गाव. मुंबई दूरदर्शनचा 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी गावी पाहिला असेल. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून उच्च शिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले. या सर्वांत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशी रचना होती. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय जवळजवळ नव्हती.

त्यानंतरची दोन उदाहरणे आम्हांला अधिक जवळची वाटतात. पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखविणाऱ्या छोट्या चित्रफिती केल्या. काडेपेटी, सायकलची ट्यूब, वर्तमानपत्र, जुने झाकण यांतून विज्ञान. फीत बहुधा मिनिटा-दोन मिनिटांची, अनेक भाषांत आवाज दिलेली आणि कोणालाही मोफत. दुसरे उदाहरण मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे. संगणकाच्या आज्ञावली शिकविणाऱ्या या फिती साधारण दहा मिनिटांच्या असतात. शिकणाऱ्याने एका बाजूला फीत आणि दुसऱ्या बाजूला आज्ञावली ठेवून बरोबरीने काम करायचे. आधी संहिता लिहायची, ती नवख्या माणसाकडून तपासून घ्यायची आणि मगच ध्वनिमुद्रण करायचे. मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज द्यायचा. नवख्याकडून तपासण्याचा हा नियम आम्हांला आधी माहीत असता, तर आमची पहिली चौदा मिनिटे वाचली असती!

या साऱ्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, एका फितीत एकच काम दाखवावे आणि त्यात चेहरा नव्हे, हात दिसावा. दुसरी, काम बरोबर कसे करायचे याइतकेच ते कोठे चुकते हेही दाखवावे. चूक लपविणारी फीत जाहिरात होते, शिकवणी होत नाही. तिसरी, ज्याला ते काम येत नाही अशा एकास ती दाखवून त्याच्याकडून काम करवून घ्यावे. त्याला जमले नाही तर फीत बदलावी, माणूस नव्हे. चौथी, ती मोकळी ठेवावी, म्हणजे दुसऱ्याने तिला आपल्या भाषेत आवाज द्यावा, तीत भर घालावी आणि मूळ कारागिराचे नाव मात्र कायम ठेवावे. प्रतीही दोन-चार ठिकाणी ठेवाव्यात. एकाच मोबाइलात ठेवलेली विद्या त्या मोबाइलाबरोबर गंगार्पण होऊ शकते.

आता मिस्त्रीजींच्या त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. सगळे दाखविले, तर मला कोण विचारणार?

मराठी फीत महाराष्ट्रात गेल्यावर तीन आठवड्यांनी तिकडून विचारणा आली. त्यांच्या पंपात पॅकिंगच्या कड्यांमध्ये एक पोकळ धातूचे कडे निघाले होते. त्याचे फितीत नावही नव्हते. ते कोठे बसवायचे? मिस्त्रीजींनी कपाळावर हात मारला. आमच्या पंपातले ते कडे म्हणजे लँटर्न रिंग. चाळीस वर्षांच्या सवयीने हात ते आपोआप बसवीत होते, म्हणून तोंडाने सांगायचे राहून गेले होते! बाहेरून पाणी आत येण्याचे जे भोक असते, त्याच्या बरोबर समोर ते यावे लागते. नाहीतर पाणी पोचत नाही आणि पॅकिंग पुन्हा जळते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढा भाग नव्याने करून पाठविला. दाखविताना शिकविणाऱ्यालाही आपल्याला काय येते हे नव्याने कळते, हा लाभ आम्ही अपेक्षिला नव्हता.

आता ते निवृत्त झाले आहेत. नावासह फीत गेल्यामुळे त्यांना फोन येतात. कधी विदर्भातून, कधी कोकणातून. त्यांना मराठी येत नाही, पलीकडच्याला बनारसी येत नाही. तरी पंपाची भाषा दोघांना येते, आणि अडले तर मंडळातले कोणीतरी मध्ये बसते. मध्यंतरी आम्ही त्यांना म्हटले, "पूछनेवाले तो बढ़ गए!" ते हसले, पण लगेच म्हणाले, की पैसे कोणी देत नाही. हेही खरे आहे. ज्याच्या हातची विद्या आपण वाटतो, त्याला मानधन मिळावे यासाठी आम्ही प्रस्ताव पाठविला आहे. तो अद्याप विचाराधीन आहे. विचाराधीन या शब्दाचा अर्थ आम्ही जन्मभर जाणतो. म्हणून मंडळाला विनंती, की सरकारची वाट न पाहता सुवर्णमहोत्सवी निधीतून अशा कारागिरांसाठी काही रक्कम बाजूला काढावी.

आणि काम पुष्कळ आहे. पावसाळा संपला की येथील घाटांवर चढलेला गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन काढतात. तो कोणत्या पायरीपासून आणि कोणत्या कोनाने मारायचा हे जाणणारी माणसे याच काठावर आहेत. नावेच्या फळ्यांचे सांधे पाणी शिरणार नाही असे बुजविणारे मल्लाह येथे आहेत. खचलेली पायरी न फोडता पुन्हा बसविणारा गवंडी येथे आहे. त्यांच्याकडे जावे, आधी परवानगी मागावी, त्यांचे नाव आधी लिहावे, आणि मग मोबाइल उघडावा.

बायजाबाईंच्या घाटाच्या गवंड्यांचे हात आता आपल्याला पाहावयास मिळणार नाहीत. आज काम करीत असलेले हात मात्र समोर आहेत. पुढच्या पन्नास वर्षांनी मंडळाच्या शतकमहोत्सवात कोणी या पायऱ्यांवर उभा राहील, तेव्हा त्याला कथा सांगाव्यात, अवश्य सांगाव्यात; पण त्याबरोबर काम कसे केले तेही दाखविता यावे, एवढीच विश्वेश्वराचरणी प्रार्थना.

मिस्त्रीजी मागच्या पायरीवर बसलेले आहेत. भाषण मराठीत असल्याने आम्ही त्यांच्याविषयी काय बोललो ते त्यांना पुरते कळले नसावे. सभा संपल्यावर आपण त्यांना भेटावे आणि त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे.